लॅबची किल्ली हातात आली, आता पुढे?

जूनमध्ये वेळापत्रक लागतं आणि तुमच्या नावापुढे आठवी ते दहावीचे संगणकाचे तास दिसतात. तुम्ही मुळात गणिताचे किंवा विज्ञानाचे, क्वचित बीसीएस झालेले. मुख्याध्यापक किल्ल्यांचा जुडगा पुढे सरकवतात, "लॅब आता तुमच्याकडे. आणि हो, ऑफिसचा प्रिंटर जरा बघून घ्या." मराठी माध्यमाच्या कितीतरी शाळांत संगणक शिक्षक असाच घडतो. मीही गणिताकडून असाच इकडे ढकललो गेलो. पहिल्या वर्षी मला कोणी सांगायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका. पहिल्याच तासाला मुलांना मशीनसमोर बसवायची घाई मी केली होती, आणि पुढचे दोन महिने "सर, हँग झालं" एवढंच ऐकत फिरलो.

पहिली पायरी: मोजदाद

मुलं लॅबमध्ये यायच्या आधी एक दुपार एकट्याने तिथे घालवा. सोबत शिपाईकाका आणि जडसंग्रह नोंदवही. वहीत पंधरा संगणक असतील, चालू सात निघतील. निराश होऊ नका, सात पुष्कळ आहेत. प्रत्येक सीपीयूवर खडूने नंबर टाका आणि एका कागदावर तीन रकाने पाडा: चालू, अर्धवट, बंद. काही लॅबमध्ये एकाच सीपीयूला चार-पाच पडदे जोडलेले असतात. तिथे तो एक गेला की पाच जोड्या रिकाम्या बसतात, म्हणून त्याची काळजी सगळ्यांत आधी.

अर्धवट मशिनांचे दोन रोग इतके नेहमीचे आहेत की त्यांचा इलाज तुम्हालाच यायला हवा. पहिला: चालू केलं की नुसती बीप-बीप, पडदा काळा. वीज बंद करून रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने घासा, पुसा, परत खटकन बसवा. निम्म्या वेळा काम होतं. दुसरा रोग फसवा आहे. मशीन छान सुरू होतं, इंटरनेटही आहे, पण कुठलीही वेबसाइट उघडायला गेलं की 'कनेक्शन सुरक्षित नाही'. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती कधीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची १ जानेवारी असेल. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलाय, सीआर २०३२ नावाचा. घड्याळवाल्याकडे मिळतो, चाळीस-पन्नास रुपयांत. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनची तारीखच चुकली की ब्राउझरला प्रमाणपत्र खोटं वाटतं. हे कारण पुढे नववीच्या मुलांना सांगा, त्यांना फार आवडतं.

मग बघा कुठल्या मशीनवर कुठलं विंडोज आहे. जुन्या लॅबमध्ये अजून विंडोज ७ भेटतं. त्यावर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.८ ही शेवटची आवृत्ती चालते, त्यापुढची बसत नाही. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या स्क्रॅच ३ ला विंडोज १० लागतं. जुन्या मशीनवर स्क्रॅच १.४ टाका, तेवढ्याने वर्षभराचं काम निभावतं. विंडोज १० चा आधारही, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे नेटला जोडलेल्या मशीनवर शाळेचे पासवर्ड ठेवू नका. विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स येत असेल तर उत्तमच, पण पहिल्या वर्षी एकट्याने सगळी लॅब बदलायला जाऊ नका. सगळी सॉफ्टवेअर एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. शाळेचं नेट तासाच्या वेळीच जातं, हा निसर्गनियम समजा.

दुसरी पायरी: साठ मुलं, सात मशिनं

हे गणित आधी सोडवा, अभ्यासक्रम नंतर. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. त्यातली सात मिनिटं चपला काढून, रांग लावून आत येण्यात जातात. साठ मुलं एकदम लॅबमध्ये नेलीत तर एका मशीनभोवती नऊ डोकी, आणि माऊस कायम एकाच्याच हातात.

मी तुकडी चार गटांत वाटतो. पंधराजण लॅबमध्ये, मशीनपाठी दोघं. एक त्रिकूट होतं, ते माझ्या टेबलाजवळच्या मशीनवर. उरलेले पंचेचाळीस शेजारच्या वर्गात कागदावरचं काम करतात. ते कसलं, ते पुढे येईल. आठवड्याला दोन तास असले तर प्रत्येकाला पंधरा दिवसांतून एकदा मशीन मिळतं. कमी वाटतं खरं, पण गर्दीत रोज नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा ते कितीतरी पदरात पडतं. शेजारच्या वर्गावर लक्ष ठेवायला ऑफ तास असलेल्या कोणाला तरी आधीच विनंती करा. त्याबदली त्यांची प्रश्नपत्रिका टाइप करून द्यावी लागेल. चालतं.

जोडीतले दोघं काय करतात हे ठरवून द्या. एकजण हात, दुसरा डोकं. ज्याच्याकडे माऊस त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, शेजाऱ्याने तोंडाने सांगितलेलंच करायचं. शेजाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी टेबलावर डस्टर वाजवायचं, की अदलाबदल. ही शिस्त नसेल तर काय होतं ते मी पाहिलंय: मुलामुलींची जोडी असली की माऊस मुलाकडे, आणि ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो सगळ्यांचा मालक. डस्टर वाजल्यावर कोणाची कुरकुर होते ते बघून ठेवा, पालकसभेत उपयोगी पडतं.

आणि तुमच्यासाठी एकच नियम, पण तो वर्षभर पाळायचा: मुलाच्या हातातला माऊस घेऊ नका. मूल म्हणतं, "सर, होत नाहीये." तुम्ही वाकता, दोन क्लिक करता, होतं. मूल खूश, तुम्ही खूश, आणि त्याला कवडीचंही आलेलं नसतं. माझी ही खोड जायला एक अख्खं सत्र लागलं. शेवटी मी हात पाठीमागे बांधून फिरायला लागलो. मुलं हसायची. पण मग मला बोलावं लागायचं, "काय करायला गेलास? काय झालं? आणि काय व्हायला हवं होतं?" या तीन प्रश्नांत निम्म्या अडचणी मूल आपली आपणच सोडवतं.

तिसरी पायरी: मशीनविना पहिले चार तास

जुन्या पद्धतीचा पहिला धडा तुम्हाला पाठ असेल. संगणकाची व्याख्या लिहा, संगणकाच्या पिढ्या लिहा, चार्ल्स बॅबेज यांना संगणकाचे जनक म्हणतात. मुलं फळ्यावरून उतरवतात, चाचणीत ओकतात, संपलं. हे सगळं मागे टाका. सुरुवात पटांगणातून करा.

पीटीच्या आज्ञा मुलांच्या अंगात मुरलेल्या असतात. सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाये मुड. एका मुलाला यंत्र करा. त्याला फक्त तीनच आज्ञा कळतात: एक पाऊल पुढे, दाहिने मुड, बाये मुड. बाकी काही बोललात तर ढिम्म हलायचं नाही. आता वर्गाने त्याला झेंड्याच्या चौथऱ्यापासून नळापर्यंत न्यायचं, पण आज्ञा आधी कागदावर लिहून. तो चालत असताना बदलायच्या नाहीत. पहिल्या प्रयत्नात तो हमखास बाभळीच्या आळ्यात जातो. सगळे ओरडतात, "अरे वळ ना!" आणि यंत्र ऐकत नाही, कारण 'अरे वळ ना' ही आज्ञा त्याच्या यादीत नाही. संगणक कसा असतो हे त्या क्षणी साठ मुलांना एकदम कळतं. मग कागद घ्यायचा, नेमकी कितवी ओळ चुकली ते शोधायचं, तेवढीच दुरुस्त करून परत चालवायचं. वर्षभर आपल्याला हेच करायचंय.

दुसरा तास प्रार्थनेच्या रांगेचा. आठ मुलं पुढे बोलवा, वेडीवाकडी उभी करा. उंचीप्रमाणे लावायची, पण अट अशी की एका वेळी शेजारशेजारच्या दोघांनीच तुलना करायची, गरज पडली तर जागा बदलायच्या. एकाने फळ्यावर तुलनांच्या रेघा मारायच्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की सर्वांत उंच मूल शेवटी पोचलेलं असतं, म्हणून पुढच्या फेरीत ते सोडून द्यायचं. सात, सहा, पाच असं करत आठजणांसाठी जास्तीत जास्त २८ तुलना होतात. आता विचारा, सोळा मुलं असती तर? वर्ग एकमुखाने सांगतो, "५६." येतात १२०. सगळी तुकडी, म्हणजे साठ मुलं घेतली तर १७७०. मुलं दुप्पट झाली की काम चौपटीहून जास्त वाढतं, हे पटायला आठ मुलं आणि एक खडू पुरतो.

उरलेले दोन तास असेच. हजेरीपटातला १ ते ६० मधला एक नंबर मनात धरा, मुलांनी फक्त 'तीसपेक्षा मोठा का' असे हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. दरवेळी मध्यावर घाव घातला तर सहा प्रश्नांत नंबर सापडतो. आणि पाच कार्डांचा खेळ: पाच मुलांच्या हातात १, २, ४, ८, १६ ठिपक्यांची कार्डं, कार्ड पुढे धरलं तर आहे, पाठ केली तर नाही. यात शून्यापासून ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा बसतो. हा खेळ माझा नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'सीएस अनप्लग्ड' उपक्रमातला आहे, जगभर चालतो. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा 'सीएसपाठशाला' उपक्रम असेच मशीनविना करायचे पाठ शाळांना फुकट देतो. शेजारच्या वर्गातल्या पंचेचाळीस मुलांचं कागदी काम तिथूनच काढा.

चौथी पायरी: मांजर आणि त्रिकोण

आठवीला स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. इंग्रजी टायपिंगची धास्ती असलेल्या मुलांना याचा मोठा आधार वाटतो. पहिल्या तासाला गोष्ट, गेम, आवाज यांतलं काही नको. फक्त स्क्रॅच उघडलं की पडद्यावर दिसणाऱ्या मांजराने एक चौरस काढायचा.

पेन खाली, १०० पावलं पुढे, ९० अंश वळ. हे चार वेळा. स्क्रॅच ३ मध्ये पेनाचे ठोकळे आधी दिसत नाहीत, डाव्या कोपऱ्यातल्या खालच्या बटणावरून ते जोडून घ्यावे लागतात. माझ्या पहिल्या वर्षीचा एक अख्खा तास पेन शोधण्यात गेला. मुलं आधी चार वेळा तेच ठोकळे लावतात. लावू द्या. मग कोणीतरी म्हणतंच, "सर, हे परत परत काय लावायचं?" त्याच क्षणी पुनरावृत्तीचा ठोकळा दाखवा. कंटाळा यायच्या आधी दाखवलात तर तो नुसता आणखी एक ठोकळा राहतो.

पुढच्या तासाला म्हणा, आता समभुज त्रिकोण. आणि गप्प बसा.

सगळा वर्ग ३ वेळा, १०० पावलं, ६० अंश असं लावतो. भूमितीच्या पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचाच आहे, त्यात चूक काही नाही. प्रोग्रॅम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला की पडद्यावर त्रिकोण येत नाही, अर्ध्या वाटीसारखं काहीतरी येतं. मुलं ठोकळे काढून परत तेच लावतात. मशीन बिघडलंय म्हणतात. एकदा एका मुलीने मला भूमितीचं पुस्तक उघडून दाखवलं, "बघा सर, ६०च आहे." मी म्हटलं, "पुस्तक बरोबर, मांजरही बरोबर. मग चुकतंय कोण?"

इथे उत्तर द्यायचं नाही. त्या मुलीला उठवून फरशीवर चालायला लावलं. एक बाजू चालली, कोपऱ्यावर थांबली. "आता तुझं तोंड कुठे आहे? पुढच्या बाजूकडे वळायला किती फिरशील?" ती फिरली, अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, "हे तर ६० पेक्षा जास्त आहे." त्रिकोणाच्या आतला कोन ६०, पण चालणारा वळतो तो बाहेरचा कोन, १८० वजा ६०, म्हणजे १२०. चौरसात आतला आणि बाहेरचा दोन्ही ९०, म्हणून तिथे चूक लपून राहिली होती. मग सगळा आकार फिरून मूळ जागी, मूळ दिशेला आलं तर एकूण किती वळलो? एक पूर्ण गिरकी, ३६०. तीन बाजूंना प्रत्येकी १२०, पाच बाजूंना ७२. सात बाजू कराव्याशा वाटल्या तर भागाकार मशीनलाच करू द्या, त्यासाठी हिरवा ठोकळा आहे. आणि ३६ वेळा १० अंश वळलं तर? पावलं १०० ठेवली तर मांजर पडद्याच्या कडेला जाऊन अडकतं. १० ठेवली की सुरेख वर्तुळ दिसतं, आणि मग वाद सुरू होतो की ते वर्तुळ की छत्तीस बाजूंचा बहुभुज. या वादात गणिताच्या सरांना ओढा. आमच्याकडे त्यांनी तो तास पुरा बसून पाहिला आणि त्यानंतर लॅबच्या तासाला त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

मुलांना मग गेम करायचे असतात. करू द्या, पण प्रत्येक गेमबरोबर एक कागद मागा: काय केल्यावर काय होईल, हे आधी मराठीत लिहून.

पाचवी पायरी: पायथॉन, आणि 'बरोबर' चिन्हाची भानगड

नववीला किंवा दहावीच्या सुरुवातीला पायथॉन घ्या. भाषा गिडो व्हॅन रॉसम यांची, १९९१ पासूनची, फुकट, आणि सोबत येणारा आयडल नावाचा साधा एडिटर शाळेला पुरतो. शब्द कुठल्या भाषेत सांगायचे, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मी दोन्ही सांगतो. गणितात मुलांनी 'चल' शिकलेला असतो, तोच व्हेरिएबल. अट, यादी, फेरा हे शब्द समजवायला. इफ, लिस्ट, लूप हे पडद्यावर ओळखायला. 'संगणकीय आज्ञावली' वगैरे मी म्हणत नाही, मुलं प्रोग्रॅमच म्हणतात.

गणितात हुशार असलेलं मूल इथे पहिल्यांदा अडखळतं, कारण ते 'क्ष बरोबर क्ष अधिक १' बघून म्हणतं, "सर, हे समीकरण चुकलंय. शून्य बरोबर एक येतंय." त्याचं कौतुक करा, ते खरंच विचार करतंय. मग सांगा की या चिन्हाला इथे 'बरोबर' वाचायचंच नाही. उजवीकडचं काम आधी कर आणि उत्तर डावीकडच्या नावात ठेव, असं वाचायचं. एक महिना कोणी 'बरोबर' म्हणालं की पूर्ण वर्गाने "ठेव!" म्हणून ओरडायचं. सोपा उपाय आहे, पण टिकतो.

दुसरा सापळा इनपुटचा. मुलं दोन आकडे विचारून बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहितात. ५ आणि ३ देतात. उत्तर ५३. वर्ग खो खो हसतो. हसू ओसरलं की विचारा, मशीनने काय केलं असेल? कोणीतरी सांगतं, "चिकटवलं." बरोबर, चिकटवलं. कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथॉनला अक्षरंच वाटतात. आकडा म्हणून घे असं वेगळं सांगावं लागतं. हे तुम्ही आधी सांगून टाकलंत तर मुलं लिहून घेतील आणि विसरतील. ५३ मात्र विसरत नाहीत.

मग पाढे. २९ चा पाढा छापायला सांगा. ज्यांना तो येत नाही त्यांच्यात एकाएकी उत्साह संचारतो. पुढे शेकडेवारी, वीजबिल, किराण्याची यादी. उदाहरणं मुलांच्या घरातली घ्या.

एक तास मराठीसाठी राखून ठेवा. पायथॉनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा. मुलं आधी वहीत लिहितात: म, रा, ठी, तीन. पडद्यावर ५ येतात. मग 'क्षमा' टाका. मुलं म्हणतात दोन, मशीन म्हणतं ५. आता प्रत्येकाने आपलं नाव टाकायचं, आणि वर्गात नुसता कल्ला. 'श्रीकृष्ण' नावाचं कोणी असेल तर त्याची चैन असते, बोटांवर तीन अक्षरं आणि मशीनच्या हिशेबी ९. कारण संगणकापाशी काना, वेलांटी, हलन्ताचं चिन्ह यांचा प्रत्येकाचा वेगळा नंबर असतो. 'म'चा नंबर २३५०, 'क'चा २३२५. जोडाक्षर जोडून दाखवणं हे फॉन्टचं काम. मग 'मराठी' उलटं छापायला सांगा. सुरुवातीलाच ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी वेलांटी येते, जिला बसायला अक्षर सापडलेलं नाही.

याच तासाला आणखी एक कोडं सुटतं. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला का दिसतो? कारण त्या फाइलीत मराठी नव्हतीच. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या नंबरावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला, चित्र गेलं. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे नंबर मिळाले, म्हणून मुलांना पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करायला शिकवा. विंडोजमध्ये भारतीय लिपींसाठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आयताच असतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. दोन आठवडे बोटं रडतात, मग पळायला लागतात.

गंमत म्हणून एवढंही दाखवा: पायथॉनच्या प्रोग्रॅममध्ये मराठी आकडा लिहिला तर एरर, पण इनपुटला मराठी आकडे दिले आणि आकडा म्हणून घ्यायला सांगितलं तर तो मुकाट्याने घेतो. का, ते दहावीतल्या एखाद्या खटपट्याला शोधू द्या.

सहावी पायरी: एरर आली की

लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकी बंद करतात. जणू काही पाप घडलंय. पहिल्या दिवसापासून नियम करा: एरर आली की आधी मोठ्याने वाचायची, इंग्रजी अडखळत का होईना. शेवटची ओळ आधी, मग ओळीचा नंबर. नव्वद टक्के वेळा कंस मिटलेला नसतो, अवतरण चिन्ह राहिलेलं असतं किंवा सुरुवातीची जागा पुढेमागे झालेली असते. प्रात्यक्षिक वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाने स्वतःच्या एरर लिहायच्या: काय आली, कशामुळे, कशी गेली. सत्राच्या शेवटी मी ती पानंच तपासतो. ज्याच्या वहीत एकही एरर नाही, त्याने प्रोग्रॅम शेजाऱ्याचा उतरवलेला असतो.

मूल्यमापनही यालाच धरून करा. बहुतेक शाळांत या तासाचे गुण दहावीच्या टक्केवारीत येत नाहीत, म्हणून व्याख्या विचारणारी परीक्षा घेण्याची सक्तीही तुमच्यावर नसते. या मोकळिकीचा फायदा घ्या. पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर द्या, विचारा, हा चालवला तर काय छापलं जाईल? प्रत्येक ओळीनंतर चलात काय आहे त्याचा तक्ता करायला लावा. दुसरा प्रश्न: यात एक चूक आहे, शोधा. तिसरा तोंडी, दोन मिनिटांचा: तुझ्याच प्रोग्रॅममधली ही ओळ काढून टाकली तर काय होईल?

तो तोंडी प्रश्न आता जास्तच लागतो. मुलं घरच्या मोबाइलवर एआयला विचारून प्रोग्रॅम लिहून आणतात, आपल्यापेक्षा सफाईदार. ओरडून उपयोग नाही. आणलंस ना, छान, आता ही चौथी ओळ मला समजव. नाही आली तर बसून समजून घे, मग मांड. दोन-तीनदा असं झालं की आणणं कमी होतं, किंवा समजून आणणं सुरू होतं. दोन्ही मला चालतं.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर पासवर्ड, ओटीपी, अनोळखी लिंक यांवर वर्षात निदान दोन तास द्या. भाषण नको. पालकांना खरोखर आलेले फसवे मेसेज मुलांना आणायला सांगा आणि वर्गात त्यांची चिरफाड करा. घाई कुठे लावली आहे, भीती कुठे घातली आहे, पत्त्याच्या स्पेलिंगमध्ये काय खोट आहे. आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा हेल्पलाइन क्रमांक लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. मुलं तो घरी जाऊन सांगतात.

सातवी पायरी: स्टाफरूममधलं राजकारण

हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. संगणक शिक्षक म्हणजे शाळेचा फुकट ऑपरेटर, अशी समजूत असते. यू-डायसची, म्हणजे सरकारला भरून द्यायची शाळेची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, निरोप समारंभाची पत्रिका, एखाद्या बाईंच्या मुलीचा बायोडेटा. पहिल्या वर्षी मी सगळं केलं, आणि मार्चमध्ये हिशेब लावला तर माझ्या तासांपैकी चौथा हिस्सा ऑफिसात गेला होता. सरळ नाही म्हणणं जड जातं. मी एक वही ठेवली: कुठल्या तासाला, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी वर्ग सोडला. महिनाअखेरीला ती मुख्याध्यापकांसमोर सहीसाठी ठेवली. तक्रार एका शब्दाने केली नाही. दोन महिन्यांत कामं मधल्या सुट्टीत यायला लागली.

विषयाचं वजन वाढवायचं तर आकडे आणि धोरणं हाताशी ठेवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकच्या आधीच, सहावीपासून कोडिंग आणायचं म्हटलंय. शेजारच्या गोव्यात शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्यासाठी 'केअर्स' नावाची योजना आहे. पालकांना मात्र धोरणापेक्षा मुलाचं काम दाखवा. पालकसभेच्या दिवशी लॅब उघडी ठेवा आणि मशीनसमोर मुलांनाच उभं करा. तिथेही माऊस घेऊ नका.

स्पर्धा हवी असेल तर बेब्रास. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झाली, नावाचा अर्थ बीव्हर हा पाण्यात बांध घालणारा प्राणी. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, विचार करायला लावणारी कोडी असतात, आणि भारतात ती सीएसपाठशाला चालवतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीत चमकला तो शेवटच्या बाकावरचा, कधी हात वर न करणारा मुलगा.

तुमच्या स्वतःच्या अभ्यासासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. मराठीत आहेत, दहा-दहा मिनिटांचे आहेत, डाउनलोड करून नेटविना चालतात. मुलांच्या दोन धडे पुढे असलात तरी पहिलं वर्ष निघतं. मूल असं काही विचारेल की तुम्हाला येणार नाही. "मला माहीत नाही, चालवून बघू" एवढं म्हणा आणि त्यालाच चालवायला लावा.

सुट्टी लागायच्या आधी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस काढा. मुलांचं काम पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्या, तुकडीनिहाय फोल्डर करून. सगळे प्लग काढा, नुसती बटणं बंद करून भागत नाही, वळवाच्या पहिल्या विजेत दोन मदरबोर्ड गेलेले मी पाहिलेत. यूपीएसची बॅटरी महिनाभर तशीच पडू दिली तर जूनमध्ये उठत नाही, म्हणून शिपाईकाकांना पंधरा दिवसांनी एकदा चार्जिंगला लावायला सांगा आणि तारखा भिंतीवर लिहून द्या. माऊस आणि कीबोर्ड पत्र्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावा. आमच्याकडे एका मे महिन्यात खऱ्या उंदरांनी सहा माऊसच्या वायरी कुरतडल्या. जूनच्या पहिल्या तासाला आठवीच्या पोरांना त्यावर हसायला पुरते चाळीस मिनिटं लागली.